विश्रांती कसली? नस दाद देत नाही!

विज्ञानाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: चेतापेशीच्या ‘रिफ्रॅक्टरी पीरियड’ला, म्हणजे एक आवेग (विजेचा संदेश) गेल्यावर पेशी लगेच दुसरा धाडत नाही त्या काळाला, ‘विश्रांतिकाल’ म्हणावं का?

मुळीच नको. ‘आवेग गेला की नस दमते, घटकाभर टेकते’ हे ऐकून कान किटले. पेशी दमलेली नसते, अडलेली असते. आवेग येऊन गेला की पेशीच्या पडद्यातल्या सोडियमच्या वाटांना आतून अडसर बसतो, पोटॅशियमच्या मात्र अजून उघड्याच असतात. विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास परतला की अडसर निघतो. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. ‘पंप (सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा) चालून पेशी रिचार्ज होते’ हेही थोतांडच. स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकूलच्या, जाड चेतातंतूतला पंप विष घालून बंद पाडला, तरी तो बराच वेळ आवेग धाडत राहतो. शिवाय ‘विश्रांत’ हा शब्द पेशी स्वस्थ असतानाच्या विभवाला, म्हणजे विद्युतदाबाला, आधीच देऊन बसलोय.

मारे या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली बेडकाच्या हृदयाबद्दल लिहिताना ‘रिफ्रॅक्टरी’ हे विशेषण वापरलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हेकट, भांडखोर. भट्टीतल्या आगीला न जुमानणाऱ्या विटेलाही इंग्रजीत तेच विशेषण, आणि औषधाने न हटणाऱ्या दुखण्यालाही. त्या दुखण्याला मराठी डॉक्टर काय म्हणतात? ‘औषधाला दाद देत नाही’. झालं की काम!

आता ही ‘दाद’ बघा. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून आपण दाद मागतो. तिला ‘देणे’ची बहीण ठरवणारे पंडित फारसीतल्या ‘दादन’ला, म्हणजे देण्याला, भुलले आहेत. न्यायवाला दाद येतो प्राचीन फारसीतल्या ‘दात’वरून. दात म्हणजे कायदा. इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात सम्राट दारियस ‘माझा दात’ म्हणतो. हिब्रूने तोच शब्द उचलून ‘धर्म’ या अर्थी वापरला. त्याचा धातू आपल्या संस्कृतातल्या ‘दा’चा (देणे) नव्हे, ‘धा’चा भाऊ: ठेवणे, घालून देणे. त्याच ‘धा’पासून आपले विधी, विधान, संहिता. म्हणजे कोर्टात संहितेवर बोट ठेवून दाद मागणारा वकील एकाच कुळातले दोन शब्द वापरत असतो, आणि ‘दाद हा शब्द परका’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

हां, तर प्रश्न. या काळाचे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात कितीही जोराचा धक्का द्या, पेशी दाद देत नाही. दुसऱ्यात नेहमीपेक्षा जोरकस दिला तर देते. पहिल्याला ‘बेदाद काल’ म्हणायचा मोह होतो, पण फारसीत बेदाद म्हणजे जुलूम. परीक्षेत ‘रिफ्रॅक्टरी काल’ लिहा. समजावताना ‘दाद न देण्याचा काळ’ म्हणा.