गॅरेज कट्टा : पद्मिनीत रणगाड्याचं इंजिन बसेल का?

प्रश्न : नमस्कार सर, इंग्लंडमधल्या एकाने जुन्या रोव्हर एसडी१ गाडीमध्ये रणगाड्याचं २७ लिटरचं इंजिन बसवलंय, त्याचा व्हिडिओ बघितला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. आमच्याकडे आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, बॉडी ठीक आहे पण इंजिन पार गेलंय. एवढं मोठं इंजिन गाडीत चालतं कसं, गाडी तुटत कशी नाही, आणि आपल्याकडे असं काही करता येईल का? मित्रांना विचारलं तर हसतात. (एक वाचक, सांगली)

उत्तर : हसू द्या हो, प्रश्न भारी आहे.

आधी ते इंजिन काय आहे ते बघा. त्याचं नाव रोल्स-रॉईस मीटिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि लँकेस्टर विमानांत जे मर्लिन इंजिन होतं त्याचाच हा जमिनीवरचा भाऊ, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) काढलेला आणि फिरायची दिशा उलटी केलेला, कारण रणगाड्याचा गिअरबॉक्स तसा होता. व्ही१२ म्हणजे व्ही आकारात बारा सिलिंडर, ४८ व्हॉल्व्ह, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण २४ प्लग. एका सिलिंडरची कपॅसिटी सव्वादोन लिटर, आणि तुमच्या पद्मिनीचं अख्खं इंजिन १०८९ सीसी, म्हणजे त्याच्या एका सिलिंडरात तुमची दोन इंजिनं बसतात!

आणि ते रोव्हरमध्येच टाकलं यात एक गंमत आहे. युद्धाच्या काळात रोव्हर कंपनीकडे ब्रिटिश इंजिनिअर व्हिटलच्या जेट इंजिनाचं काम होतं आणि ते काही धड पुढे सरकत नव्हतं, मग रोल्स-रॉईसचे हाइव्ह्ज आणि रोव्हरचे विल्क्स जेवायला भेटले आणि सौदा ठरला की जेट तुम्ही आम्हाला द्या, मीटिअर तुम्ही घ्या. १९४३ पासून मीटिअर रोव्हरकडे गेलं. म्हणजे ते इंजिन एका अर्थी आपल्याच घरी परत आलं. (याच एसडी१ ची बॉडी घेऊन ८० च्या दशकात मद्रासला स्टँडर्ड २००० ही गाडी काढली होती, तिच्यात मात्र जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या जमान्यातलं जुनं दोन लिटरचं इंजिन टाकलं, आणि गाडी बाजारात पडली. एकाच बॉडीचं हे एक टोक आणि ते दुसरं.)

आता कसं चालतं. लोकांना वाटतं एवढी पॉवर म्हणजे गाडी पळणारच. उलट आहे, हे इंजिन आळशी आहे. ६०० एचपी देतं पण २५५० आरपीएमला, त्याच्या वर फार जायचंच नाही. पद्मिनीच्या डिफरन्शियलचा (मागची चाकं फिरवणारा गिअर) रेशो चारच्या आसपास धरा, म्हणजे चार फेऱ्यांना चाकाचा एक, तर टॉप गिअरला इंजिन २५०० वर असताना चाक मिनिटाला सव्वासहाशे फेरे मारणार, टायरचा घेर १.९ मीटर धरला तर स्पीड झाला ताशी ७० किमी. बास, संपलं. ६०० एचपी आणि हायवेला ट्रक तुम्हाला ओव्हरटेक करणार! म्हणून हे करणारे लोक डिफरन्शियलचा रेशो बराच खाली आणतात नाहीतर मध्ये स्पीड वाढवणारा गिअर घालतात, आणि खरं काम तिथंच आहे, इंजिन बसवणं त्यामानाने सोपं.

दुसरं म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. हिशोब केला तर १६०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. पद्मिनीचा क्लच, प्रोपेलर शाफ्ट, हाउसिंग, अॅक्सल यातलं एकही पहिल्या झटक्याला टिकणार नाही. इंजिनाचं वजन पाऊण टनाच्या आसपास, तुमची पूर्ण गाडी ९०० किलोची, आणि तिला वेगळी चॅसी नाही, बॉडीच चॅसी. मग नवीन चॅसी बनवा, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) मागे घ्या, ब्रेक बदला, स्टिअरिंग बदला, आणि शेवटी आजोबांच्या गाडीचं उरतं काय तर दारं आणि नंबरप्लेट. माझं स्पष्ट मत, ज्या गाडीत आठवणी आहेत तिच्यावर हे करू नये.

इंग्लंडच्या जॉन डॉड यांनी तेच ओळखलं होतं. ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे माणूस, मुद्दाम मीटिअरसाठी बनवलेली चॅसी घेतली आणि वर फायबरची लांबलचक बॉडी चढवली, गाडीचं नाव 'द बीस्ट'. पण गाडीच्या तोंडाला रोल्स-रॉईसची रेडिएटरची जाळी लावली आणि कंपनीने कोर्टात खेचलं, केस डॉड हरले. इंजिनबद्दल कुणाची तक्रार नव्हती, भांडण जाळीवरून.

आपल्याकडे मात्र इंजिनावरूनच अडेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन टाकता येतं. नाहीतर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही पद्मिनीचंच दुसरं इंजिन शोधा नाहीतर आहे तेच रीबोअर (सिलिंडर कातून नवे पिस्टन) करून घ्या.

प्रश्न : हे इंजिन आपल्या आर्मीत होतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होतं तर! सेंच्युरियन रणगाड्यात हेच. १९६५ ला पूना हॉर्स रेजिमेंटचे तारापोर आणि १९७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल, दोघेही सेंच्युरियनमध्येच लढले, दोघांनाही परमवीर चक्र. खेत्रपालांचा 'फामागुस्ता' रणगाडा नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ठेवलाय. समोरून आलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांमध्ये अमेरिकन कॉन्टिनेंटल व्ही१२ होतं, २९ लिटर, एअर-कूल्ड, आणि तेही पुढे गाडीत गेलंच. अमेरिकेतल्या टीव्हीवाल्या जे लेनोकडे पॅटनच्या इंजिनाची गाडी आहे.

प्रश्न : अॅव्हरेज किती देईल? (तेच, सांगलीचे)

उत्तर : फुल पॉवरवर तासाला दीडशे-दोनशे लिटर पेट्रोल धरून चाला. पन्नास टनांचा सेंच्युरियन जेमतेम ३५ च्या स्पीडने जायचा आणि सुरुवातीच्या मॉडेलची टाकी शंभर किमीच्या आसपास संपायची, म्हणून नंतर रणगाड्याच्या मागे एकचाकी पेट्रोलचा ट्रेलर जोडायला लागले.