‘बघू’ म्हणजे नाही, हे समोरच्याला कळतच नव्हतं

"मॅडम मी नास्तिक आहे, इथं अमेरिकेत जो भेटतो तो चर्चला बोलावतो, नाही म्हणायची चोरी झालीये, काय करू?" मी समुपदेशन करते, बाहेर राहणाऱ्या मराठी लोकांकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, म्हणून एक केस सांगते. त्या ताईंची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय तेहतीस-चौतीस, टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात, नवराबायको दोघं आयटीत, एक मुलगी. मूळच्या साताऱ्याच्या. वडील अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कामात, त्यामुळे घरात देव्हारा कधी नव्हताच. २० ऑगस्ट २०१३ ला अंनिसच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला तेव्हा ह्या तिथंच कॉलेजला होत्या, त्या सकाळचा वडिलांचा फोनवरचा आवाज अजून कानात आहे म्हणाल्या. हे सांगायचं कारण असं की "तुझ्या आयुष्यात असं काय झालं की तुझी श्रद्धा उडाली?" असं तिकडं त्यांना कुणी प्रेमानं विचारलं तरी आत काहीतरी तुटायचं. उडायला काही नव्हतंच, विचार करून जगणं हीच त्यांच्या घरची शिकवण होती.

त्या भागात नवीन माणसाला "कुठल्या चर्चला जाता?" हे आपल्याकडच्या "गाव कुठलं?" इतक्या सहज विचारतात. सुरुवातीला ह्यांनी "आम्ही हिंदू आहोत" सांगून वेळ मारून नेली. पण त्यानं आमंत्रणं थांबली नाहीत, उलट खोटं बोलल्याचं वाईट वाटायला लागलं. दारावर पांढरे शर्ट घातलेली मॉर्मन पोरं जोडीनं यायची, यहोवाचे साक्षीदार यायचे (दोन्ही घरोघरी जाऊन धर्मप्रचार करणारे पंथ), पण त्यांचा एवढा त्रास नव्हता. यहोवावाल्यांना "आमच्याकडे परत येऊ नका" असं स्पष्ट सांगितलं तर ते तशी नोंद ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं आणि तो विषय तिथंच मिटला.

खरा त्रास शेजारच्या आजींचा होता. ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आजींनी सहा दिवस जेवण आणून दिलं, लेकीला सांभाळलं, आणि सातव्या दिवशी बायबल आणलं. तेव्हापासून तीन वर्षं दर शुक्रवारी मेसेज, "रविवारी येतेस ना?" शेवटी शेवटी तर ह्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायच्या आधी पडद्याआडून बघायच्या आजी अंगणात आहेत का म्हणून. पहिल्या सेशनला रडत म्हणाल्या, "मॅडम, ते जेवण खरं होतं की गळाला लावलेलं?"

मी विचारलं, तुम्ही त्यांना कधी नाही म्हणालात का? बराच वेळ गप्प बसल्या. तीन वर्षांत "बघू", "जमलं तर", "लेकीला सर्दी आहे" एवढंच. एकदा तर लेकच म्हणाली, "आई, मला कुठं सर्दी झालीये?" आपल्याकडं "बघू" म्हणलं की समोरचा काय ते समजतो ओ, पण तिकडं त्याचं ‘मे बी नेक्स्ट टाइम’ झालं आणि आजींना दर वेळी दार थोडं उघडं दिसत राहिलं.

जेवणाबद्दल मला वाटतं ते त्यांना सांगितलं. मत्तयच्या शुभवर्तमानात २८व्या अध्यायात येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांत जाऊन शिष्य करायला सांगतो, आणि आजींसारखी माणसं ते मनापासून पाळतात. येशूशिवाय माणूस वाचत नाही असं ज्याला खरंच वाटतं त्याला गप्प बसणंच निर्दयपणाचं वाटणार. म्हणजे जेवणही खरं आणि आमंत्रणही खरं. पण कळलं म्हणून दर शुक्रवारी ऐकून घ्यायलाच पाहिजे असं नाही.

त्यांच्या ऑफिसातल्या मॅनेजरचाही त्रास होता, तो मुद्दा मी वेगळा काढला. तो बुधवारच्या बायबल स्टडीला बोलवायचा आणि व्हिसाची कागदपत्रं त्याच्याच हातून जायची, ही भीती साधी नाही. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यानं नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येत नाही आणि धर्म न मानणाऱ्यांनाही ते संरक्षण आहे. त्यांनी दोन ओळींचा सभ्य मेल लिहिला आणि जपून ठेवला. तिथं आमंत्रणं थांबली.

आजींसाठी आम्ही वाक्यं आधी मराठीत घोटली, मग इंग्रजीत. "तुम्ही मला आवडता. मी देव मानत नाही, लहानपणापासून नाही, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. चर्चला मी येणार नाही, कृपा करून परत विचारू नका. पण चहाला या." आजींच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाल्या मी प्रार्थना करत राहीन. त्यांच्या घरात त्यांनी केलेली प्रार्थना तुम्हाला टोचते का, विचारलं तर ह्या विचार करून नाही म्हणाल्या. नंतर दोन आठवडे आजी फिरकल्या नाहीत, ते दिवस मलाही जड गेले. मग एका संध्याकाळी चहाला आल्या आणि ह्यांच्या वडिलांबद्दल विचारत बसल्या.

शुक्रवारचा मेसेज आता येत नाही. लेकीच्या एका मैत्रिणीच्या आईनं मात्र "नास्तिक" हा शब्द ऐकल्यावर त्या मैत्रिणीला ह्यांच्याकडे खेळायला पाठवणं बंद केलंय, लेक रोज विचारते, पुढच्या सेशनला तेच बोलायचंय.