महागड्या केबलने गुणगुण थांबेल काय?

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतून एक वाचक लिहितात : निवृत्तीनंतर मी जुन्या गायनाचा संग्रह संगणकावर आणला आहे. लॅपटॉपमधून यूएसबी केबलने एका छोट्या डॅककडे (संगणकातील आकड्यांच्या रूपातील संगीताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण), तेथून आरसीए केबलने (ध्वनिसंकेत नेणाऱ्या गोल पिनांच्या केबलने) अ‍ॅम्प्लिफायरकडे आणि पुढे दोन स्पीकरांकडे, अशी माझी मांडणी आहे. लॅपटॉप व डॅक टेबलावर आहेत आणि अ‍ॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीशी, सुमारे चार मीटरवर आहे. रात्री उस्ताद अमीर खाँ यांचा विलंबित ख्याल लावला की मागे बारीक गुणगुण ऐकू येते. महाराणी रोडवरील एका दुकानदाराने सहा हजारांची आरसीए केबल आणि तितक्याच किमतीची यूएसबी केबल सुचवली. माझी तयारी सर्व मिळून हजार-बाराशे रुपयांची आहे. काय घ्यावे?

उत्तर : आपले अंदाजपत्रक पुरेसे आहे, किंबहुना त्यातील काही रक्कम उरावी. परंतु खरेदीआधी एक चाचणी करावी. आवाजाची पातळी न बदलता गायन मध्येच थांबवावे. गुणगुण त्याबरोबर थांबली, तर ती मूळ ध्वनिमुद्रणातच आहे आणि कोणतीही केबल ती काढू शकणार नाही. गायन थांबूनही ती चालू राहिली, तर दोष आपल्या मांडणीत आहे, असे समजावे.

आता लॅपटॉपचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण तत्काळ नाहीशी झाली, तर कारण बहुधा आर्थिंगचे आहे. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर हे दोन्ही घराच्या आर्थिंगला जोडलेले असतात, आणि यूएसबीची ऋण तार व आरसीए केबलचे बाहेरचे जाळे त्यांना दुसऱ्या बाजूनेही जोडतात. अशा रीतीने तयार झालेल्या बंद फेऱ्यातून ५० हर्ट्झचा किंचित प्रवाह वाहतो आणि जाळ्याच्या रोधामुळे निर्माण होणारा विजेचा सूक्ष्म दाब थेट संगीताच्या संकेतात मिसळतो. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो, म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झची ही गुणगुण त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसते. आलापात ती इतकी खुपते, याचे कारण हेच.

म्हणून दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. जाळ्याचा रोध जितका कमी, तितकी गुणगुण कमी, आणि जाड विणलेल्या तांब्याच्या जाळ्याची केबल येथे खरोखर उपयोगी पडते. मात्र केबलची लांबी चार मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणली, तर तोच रोध आठव्या हिश्शावर येतो, आणि त्यासाठी सहा हजार खर्चावे लागत नाहीत. डॅक टेबलावरून उचलून अ‍ॅम्प्लिफायरशेजारी ठेवावा, आरसीए केबल अर्ध्या मीटरची घ्यावी आणि लांब अंतर यूएसबीला कापू द्यावे. शक्य असल्यास लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. आर्थिंगची पिन मोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. तो जिवावरचा खेळ आहे.

यूएसबी केबलविषयी मतभेदाला फारशी जागा नाही. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात, तर यूएसबी २.० ची मर्यादा ४८ कोटी बिटांची आहे. केबल सदोष असेल, तर आवाज ‘पातळ’ किंवा ‘तिखट’ होत नाही. टक्‌टक् ऐकू येते किंवा संगीत तुटते. ठरवून दिलेल्या मानकाप्रमाणे यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत चालते, तरी आपण ती गरजेपेक्षा लांब घेऊ नये. डॅकला चौकोनी तोंडाची जागा असेल, तर प्रिंटरला लागते तीच केबल चालेल. तिच्या आवरणावर २८ आणि २४ हे तारांचे क्रमांक छापलेले असल्यास उत्तम, कारण २४ क्रमांकाची वीजवाहक तार जाड असते आणि यूएसबीवरच चालणाऱ्या डॅकला लांबूनही विजेचा पुरेसा दाब मिळतो.

आरसीए केबल घेताना पिन सॉकेटमध्ये घट्ट बसते की सैल, हे हाताने पाहावे. दुकानात मल्टिमीटर असल्यास एका टोकाच्या बाहेरच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत रोध मोजावा. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. अर्ध्या मीटरला एक दशांश ओहमपेक्षा फार जास्त रोध आला, तर ती केबल परत द्यावी. सोन्याचा मुलामा गंज रोखतो, स्वर सुधारत नाही. लांब केबलमुळे वरच्या सुरांची धार बोथट होते, हेही नेहमी सांगितले जाते. दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असलेली चार मीटर केबल आणि २०० ओहम रोधाचा स्रोत, म्हणजे येथे डॅक, धरला, तरी घट सुरू होते ती सुमारे २० लाख हर्ट्झवर, आणि आपले कान २० हजारांवरच थांबतात. माझ्या वयात तर त्याच्याही बरेच आधी!

उरलेल्या पैशांतून स्पीकरची तार तपासून घ्यावी. दीड चौरस मिलिमीटर जाडीची लवचिक तांब्याची तार एका स्पीकरला पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१३ ओहम होतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. हल्ली तांब्याचा पातळ लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या म्हणून विकल्या जातात. एक धागा चाकूने खरवडल्यास आतला पांढरा रंग दिसतो.

एवढे करूनही गुणगुण राहिली, तर आरसीएच्या मार्गात बसणारा छोटा ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर (संगीताचा संकेत पुढे जाऊ देऊन दोन उपकरणांतील तारेचा थेट संबंध तोडणारा) मिळतो. स्वस्त नमुन्यांत खर्ज क्षीण होतो, म्हणून परत घेण्याच्या अटीवरच तो आणावा आणि आपल्या परिचयाच्या एखाद्या ध्वनिमुद्रणातील तंबोरा त्यावर ऐकून मगच निर्णय घ्यावा.