भाषाशंका : पोर्तुगीजमध्ये ‘कुठे राहता?’

प्रश्न : शिक्षणासाठी पोर्तू शहरात जाते आहे. ॲपवर ‘ओंद वोसे मॉरा?’ असं शिकले. तिथली मैत्रीण म्हणते, हे पोर्तुगालमध्ये खटकतं. मग ‘कुठे राहता?’ कसं विचारू? (वाचक, सांगली)

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. ते वाक्य ब्राझीलमध्ये रोजच्या वापरातलं. तिथे ‘ओंद’चा उच्चारही ‘ओंजी’ होतो. पोर्तुगालमध्ये मात्र ‘वोसे’ असं तोंडावर म्हटलेलं अनेकांना उद्धट वाटतं. आपण त्याला मराठी ‘तुम्ही’ समजतो आणि फसतो. सर्वनाम गाळा, झालं: ‘ओंद ए क मॉरा?’ क्रियापदाच्या रूपातच आदर आला. शेजारच्या आजींना विचारताना ‘ओंद ए क आ सिन्योरा मॉरा?’, आजोबांना ‘उ सिन्योर’. वर्गातल्या मुलामुलींना ‘ओंद ए क मॉराश?’, शेवटचा ‘श’ म्हणजे ‘तू’. ‘ए क’ नसलं तरी चूक नाही, पण बोलण्यात ते सतत येतं.

हे झालं घराचं. चार दिवसांच्या मुक्कामाला ‘मॉरा’ चालत नाही. ‘कुठे उतरणार?’ याला ‘ओंद ए क वाय फिकार?’ आणि ‘हॉटेलात उतरलेय’ याला ‘श्तो ओश्पदादा नुं ओतेल’. बोलणारा पुरुष असेल तर ‘ओश्पदादू’. हेच ‘फिकार’ जागांनाही लागतं: ‘ओंद फिका आ श्तसांव?’ म्हणजे स्टेशन कुठे आहे?

प्रश्न : उत्तरात कधी ‘एं’, कधी ‘नू’, कधी ‘ना’ येतं. नियम काय? (वाचक, ठाणे)

उत्तर : ‘एं’ म्हणजे ‘-मध्ये’. पुढच्या नावाला पुल्लिंगी उपपद (इंग्रजी ‘the’सारखा शब्द) असेल तर दोन्ही मिळून ‘नू’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ना’. शहरांना सहसा उपपद नसतं: ‘मॉरू एं लिझ्बोआ’ (मी लिस्बनमध्ये राहते), ‘एं गोआ’. पण पोर्तू म्हणजे बंदर, रिऊ म्हणजे नदी. सामान्य नामांवरून आलेल्या अशा नावांना उपपद राहतं, म्हणून ‘नू पोर्तू’, ‘नू रिऊ द जनैरू’. ‘एं पोर्तू’ ही नवशिक्यांची ठरलेली चूक. देशांचं उलट, बहुतेकांना उपपद: ‘ना ईंदिया’, ‘नू ब्राझील’. खुद्द पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक मात्र अपवाद, तिथे ‘एं’.

‘दोन वर्षांपासून इथे राहतो’ हे मराठीसारखंच वर्तमानकाळात सांगायचं: ‘मॉरू आकी आ दोइझ आनुश’. इंग्रजीतून विचार करणारे इथे नको तो काळ लावतात.

प्रश्न : फॉर्मवर पत्ता कुठे लिहायचा? (वाचक, पणजी)

उत्तर : ‘मुरादा’ या रकान्यात. ‘नातुरालिदाद’ म्हणजे जन्मस्थान, तिथे राहता पत्ता लिहू नका. क्रम असा: रस्ता, इमारतीचा क्रमांक, मजला, बाजू. ‘श्केर्दू’ डावी, ‘दिरैतू’ उजवी. बाजू राहिली तर पत्र शेजाऱ्याच्या पेटीत पडू शकतं. तळमजला म्हणजे ‘रेझ दु शांव’, त्यावरचा पहिला, आपल्यासारखंच. पिनकोड सात आकडी: चार आकडे, आडवी रेघ, तीन आकडे, मग गावाचं नाव. रहिवासाचा दाखला ‘झुंता द फ्रेगझीआ’ या स्थानिक कार्यालयातून मिळतो. भाडेकरार न्या, नसेल तर त्याच भागात नोंद असलेल्या दोन मतदारांची साक्षही चालते.