प्रश्न ठरतो त्या दिवशी हजर राहा

फोंडा

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कोळसा उतरतो त्या मुरगाव बंदराजवळच्या वस्त्यांमध्ये श्वसनविकारांचा अभ्यास व्हायचा आहे आणि त्याच्या सल्लागार समितीवर नागरिक प्रतिनिधी म्हणून तुला बोलावले आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. आपण डॉक्टर नाही, संख्याशास्त्र आपल्याला येत नाही, मग तज्ज्ञांमध्ये बसून बोलायचे काय, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे. होकार दे, पण अभ्यासाचा प्रश्न अजून ठरायचा असेल तरच दे. तो आधीच ठरला असेल, तर समितीपुढे तो पुन्हा चर्चेला येईल असे लेखी घेतल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नकोस. अहवाल छापून झाल्यावर नागरिकांना बोलावले, तर त्यांच्या हाती सही करण्यापलीकडे काही उरत नाही.

हे मी का म्हणते, ते दूरच्या एका उदाहरणावरून सांगते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाचे ठिकाण आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम तिथे तयार झाले. 1944 पासून पुढची काही वर्षे तिथून किरणोत्सारी आयोडीन-131 हवेत जात राहिले, आणि डिसेंबर 1949 मध्ये तर ते एका प्रयोगासाठी जाणूनबुजून सोडण्यात आले. वाऱ्याच्या दिशेला शेती करणाऱ्या कुटुंबांना याचा पत्ताही नव्हता. लोकांच्या रेट्यामुळे 1986 मध्ये सुमारे 19,000 पानांची जुनी कागदपत्रे खुली झाली, तेव्हा कुठे त्यांना कळले. ज्या खात्याच्या कारखान्यातून हे बाहेर पडले त्याच खात्याने लोकांचे आजार मोजायचे, हे कोणाला पटणार? म्हणून 1990 मध्ये करार होऊन हे आरोग्य-संशोधन ऊर्जा खात्याकडून आरोग्य खात्याकडे गेले, आणि पुढे हॅनफर्ड, फर्नाल्ड, सव्हाना रिव्हर, आयडाहो अशा अणुकेंद्रांच्या ठिकाणी नागरिकांना घेऊन सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. तुझ्या समितीतही पहिली चौकशी हीच कर की अभ्यासाचा पैसा कोणाकडून येतो आणि अहवाल आधी कोणाच्या टेबलावर जातो.

तिथे नागरिकांची गरज का पडली, हे नीट समजून घे. आयोडीन गवतावर बसते, गाय ते गवत खाते, दुधातून ते मुलांच्या पोटात जाते आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठते. म्हणजे एखाद्या मुलाला किरणोत्साराची किती मात्रा मिळाली, हे ते कोणत्या गाईचे दूध पीत होते, ती गाय दारची होती की दूध डेअरीतून येत होते, दिवसाला पेले किती होत, यावर ठरते. हे कोणत्याही यंत्रात नोंदलेले नसते, ते आईला ठाऊक असते. त्याच नदीकाठच्या मूळ रहिवासी जमाती सर्वसाधारण अमेरिकन माणसापेक्षा कितीतरी पट अधिक मासे खातात. देशाची सरासरी धरून हिशेब केला, तर या माणसांचे ताट हिशेबात येतच नाही. आपल्याकडे खाडीतल्या तिसऱ्या, खुबे आणि शिनाणे हे शिंपले कोण किती खाते, ओहोटीला चिखलात उतरून ते वेचणाऱ्या बायका कोणत्या, हे तुझ्या वाड्यावर दोन घरे फिरून समजेल. दिल्ली-मुंबईहून आलेल्या तज्ज्ञाला ते कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठीच तू तिथे आहेस.

यंत्रे कोणत्या महिन्यात बसवणार, हेही पहिल्याच बैठकीत विचार. जुलैच्या पावसात हवेतली धूळ धुऊन जाते. तेव्हाचे आकडे कोणत्याही बंदराचे भलेच दिसणार. थंडीतली हवा वेगळी असते. दिवसा समुद्रावरून वारा येतो आणि रात्री तो फिरतो, त्यामुळे दुपारी स्वच्छ दिसणारे घर पहाटे धुळीच्या वाटेवर असू शकते. यंत्र कोणत्या गच्चीवर बसले, हे एवढ्यासाठी महत्त्वाचे. शिवाय बंदरात उतरलेला कोळसा तिथेच थांबत नाही, तो रेल्वेने कुळ्याहून ब्रागांझा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. मग रुळांकडेची गावे अभ्यासात धरायची की नाहीत, हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. मोजमाप कोणत्या मापाशी ताडणार, तेही विचार. सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली 5 आहे. एकच आकडा एका मापाने सुरक्षित आणि दुसऱ्या मापाने पाचपट ठरू शकतो. कोळशाच्या धुळीतला मोठा वाटा तर जाडसर कणांचा असतो, तेव्हा पीएम 10 सोडून देऊ नका.

आता माझी एक चूक तुला सांगते, कारण ती तुझ्या हातून होऊ नये असे मला वाटते. कित्येक वर्षांपूर्वी मी अशाच एका सर्वेक्षणात काम केले. प्रश्नावली इंग्रजीत तयार झाली होती, तिचे मराठी मी केले आणि त्यात "श्वसनास त्रास होतो काय?" असे लिहिले. घरोघरी बायका "ना" म्हणत गेल्या आणि आम्ही "नाही" च्या चौकटीत खुणा करत गेलो. एका घरात आजी खिडकीची कड ओल्या फडक्याने पुसत बसली होती. तिनेही "ना" म्हटले. माझ्याबरोबरच्या परिचारिकेने सहज विचारले, "चडणीर दम लागता काय, आजये?" आजी हसली आणि म्हणाली, "तो सदांच लागता." फडके तिने आमच्यापुढे धरले, ते काळे होते; सकाळी एकदा पुसले तेव्हाही असेच होते, असे ती म्हणाली. तोवर आमचे निम्म्याहून अधिक अर्ज भरून झाले होते आणि ते पुन्हा भरायला पैसे नव्हते. ती खंत अजून गेलेली नाही. तेव्हा प्रश्नावलीचा मसुदा हाती आला की तो कोकणीत, मराठीत आणि बंदरावर राबणाऱ्या कुटुंबांसाठी कन्नडमध्ये मोठ्याने वाचून घे, आणि वाचताना समितीबाहेरची चार माणसे समोर बसव.

एक गोष्ट तुला जड जाईल. तीन हजार वस्तीच्या गावात, देशाच्या सर्वसाधारण प्रमाणाने, म्हणजे लाखामागे वर्षाला शंभर या हिशेबाने, कर्करोगाचे सुमारे तीन नवे रुग्ण सापडतात. एखाद्या वर्षी सहा सापडले तर गाव हादरते, आणि ते साहजिक आहे. पण केवळ योगायोगाने सहा किंवा अधिक सापडण्याची शक्यता शंभरात आठ असते. छोट्या वस्तीचा अभ्यास खरी वाढसुद्धा बरेचदा पकडू शकत नाही. म्हणून अभ्यास सुरू होण्याआधी विचार, "धोका दुप्पट असेल, तर एवढ्या लोकांत तो तुम्हाला दिसेल का?" उत्तर "नाही" असेल, तर पुढे येणाऱ्या "परिणाम आढळला नाही" या वाक्याचा अर्थ "परिणाम नाही" असा होत नाही, हे इतिवृत्तात आधीच नोंदवून ठेव.

तरीही मनाविरुद्ध उत्तर ऐकायची तयारी हवी. हॅनफर्डजवळ वाढलेल्या 3,440 जणांच्या थायरॉइडचा अभ्यास झाला, त्याचा मसुदा जानेवारी 1999 मध्ये जाहीर झाला, आणि मात्रा व आजार यांचा संबंध त्यात दिसला नाही. लोक संतापले. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी तो तपासला. अभ्यासाचे काम चांगले आहे, पण निष्कर्ष लोकांपुढे मांडताना वाजवीपेक्षा अधिक खात्री दाखवली गेली, असे त्यांनी सांगितले. 2002 च्या अंतिम अहवालातही निष्कर्ष बदलला नाही. तुझ्यावर अशी वेळ आली, तर आकडे पटले नाहीत म्हणून ते नाकारू नकोस. त्यांत अनिश्चितता किती आहे ते गावाला समजेल अशा भाषेत लिहून घे, आणि ते पत्रकार परिषदेच्या आधी लिहून घे.

समिती फक्त सल्ला देते, हुकूम देत नाही. म्हणून दिलेल्या प्रत्येक सल्ल्याला "मान्य" किंवा "अमान्य, कारण अमुक" असे लेखी उत्तर ठरावीक मुदतीत यावे, हा नियम पहिल्याच बैठकीत करून घे. शेजाऱ्यांच्या आजाराची माहिती तुझ्या कानावर येईल; छोट्या वाड्यात वय आणि आजार एवढे सांगितले तरी माणूस ओळखू येतो, तेव्हा ती घरीसुद्धा बोलू नकोस.

प्रश्नावलीचा मसुदा मिळाला की रविवारी फोंड्याला घेऊन ये. यंत्रे बसवायच्या जागांचा नकाशाही माग. देत नसतील, तर मागितल्याची तारीख लिहून ठेव.

तुझी,
डॉक्टरबाई