व्हायरल गेलं, खोकला राहिला: तिसऱ्या अँटिबायोटिकआधी एक विचारा

ताप जाऊन महिना उलटला, एक्स-रे स्वच्छ, तरी चार वाक्यं बोललात की कोरडी उबळ येते, आणि आता अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स दिलाय. तुमचं हे वाचताना माझंच जुनं दुखणं वाचतोय असं वाटलं. मी डॉक्टर नाही, यातून गेलेला रुग्ण आहे. त्याच हिशेबाने घ्या.

विषाणू केव्हाच गेलेला असतो. श्वासनलिकेचं अस्तर दुखावलेलं आणि खोकल्याच्या नसा चाळवलेल्या, म्हणून थंड हवा, अत्तर, हसणं, काहीही पुरतं. तीन ते आठ आठवडे हे चालू शकतं. मग अँटिबायोटिक मारणार कोणाला? डांग्या खोकला किंवा न्यूमोनियाची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

मी ज्या दवाखान्यात जायचो तिथे हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दर वेळी आधीच्यापेक्षा 'स्ट्राँग' गोळी आणि "कोर्स पूर्ण करा". खोकला जागच्या जागी, वर पोट बिघडलं, ते निस्तरायला आणखी गोळ्या. चीड याची येते की "बीपीसाठी काय घेता?" हे एकदाही विचारलं नाही! रामिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी काहींना हुबेहूब असाच कोरडा खोकला होतो. मी त्यातलीच एक घेत होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती बदलून दिली, तरी खोकला विरायला काही आठवडे गेलेच. तुमची चालू असेल तर मनाने बंद करू नका, बदलून मागा.

आता औषधांबद्दल, माझं मत. खोकल्याने झोप उडत असेल तर इप्राट्रोपियम या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या इनहेलरबद्दल विचारा. काहींना त्याने आराम पडतो. स्टेरॉइडचा पंप दम्याची शक्यता दिसली तरच. माँटेलुकास्ट ही दमा-ॲलर्जीवरची गोळी सर्रास लिहितात, पण 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत या खोकल्यावर ती औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. शिवाय मनःस्थिती आणि झोप बिघडण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2020 मध्ये तिच्यावर ठळक इशारा छापायला लावलाय. कोडीन या खोकला दाबणाऱ्या, अफूच्या जातीच्या औषधाने गुंगी आणि बद्धकोष्ठ नक्की, खोकल्याचं सांगता येत नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारं औषध असलेलं सिरप घ्यायचं तर नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत का ते आधी सांगा, दोन्हींचं जमत नाही. आणि एकाच बाटलीत कफ सुटायचं आणि खोकला दाबायचं, दोन्ही औषधं? हे म्हणजे गाडीचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबणं. त्यापेक्षा मध बरा (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र अजिबात नाही).

रक्त पडलं, वजन उतरलं, धाप लागली, ताप परतला, तर यातलं काही करत बसू नका, लगेच दाखवा. तसं काही नसेल आणि आठ आठवडे उलटले, तर फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे जा, स्पायरोमेट्रीचं (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) विचारा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, बीपीचीसुद्धा.