‘प्रजासत्ताक होणे’ म्हणजे नेमके काय होणे?

प्रश्न नेरुळहून आला आहे. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी फ्लेक्स छापायला द्यायचा आहे आणि त्यावर विषय असा आहे : ‘माजी वसाहतींनी गणतंत्र बनावे का?’ स्पर्धकांना द्यायच्या टिपणात ‘बार्बाडोस २०२१ मध्ये स्वतंत्र होऊन गणतंत्र बनला’ असे वाक्य आहे. गणतंत्र, गणराज्य, प्रजासत्ताक यांतला कोणता शब्द घ्यावा, असे विचारले आहे.

आधी टिपणातले वाक्य दुरुस्त करावे, कारण त्यातली चूक शब्दाइतकीच अर्थाचीही आहे. बार्बाडोस हा कॅरिबियन समुद्रातला बेटाचा देश, एकेकाळची ब्रिटिश वसाहत. तो स्वतंत्र झाला ३० नोव्हेंबर १९६६ला. प्रजासत्ताक झाला ३० नोव्हेंबर २०२१ला, म्हणजे बरोबर ५५ वर्षांनी. मधल्या काळात देश स्वतंत्रच होता. पंतप्रधान, संसद, निवडणुका सगळे त्यांचे होते. फक्त राष्ट्रप्रमुख म्हणून राणी एलिझाबेथ होती आणि तिच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहत. त्या पदावर असलेल्या सँड्रा मेसन यांनाच संसदेने पहिल्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले. बदल झाला तो या एका जागेवर. दोन्ही घटनांची तारीख एकच असल्यामुळे बातम्यांत हा घोटाळा वारंवार होतो. मॉरिशसचेही तसेच : १२ मार्च १९६८ स्वातंत्र्य, १२ मार्च १९९२ प्रजासत्ताक. आपल्याकडे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी वेगळे आहेत म्हणून बरे. तरी १९४७ ते १९५० या काळात भारताचाही राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजाच होता, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

या मधल्या अवस्थेला मराठीत जुना, नेमका शब्द आहे : ‘वसाहतीचे स्वराज्य’. १९२८च्या नेहरू अहवालाची मागणी याचीच होती आणि १९२९च्या लाहोर अधिवेशनाने ती बाजूला सारून ‘पूर्ण स्वराज्य’ मागितले. शाळेच्या इतिहासात सगळ्यांनी वाचलेला हा शब्द स्पर्धकांनी जरूर वापरावा. नुसते ‘डोमिनियन’ म्हणून श्रोत्यांना काही कळत नाही.

आता मूळ प्रश्न. ‘प्रजासत्ताक’ हा बहुव्रीही समास आहे : प्रजेची सत्ता आहे ज्यात, ते. शेवटचा ‘क’ समासामुळे येतो, जसा पितृसत्ताक, मातृसत्ताक, राजसत्ताक यांत. म्हणून ‘प्रजासत्ता दिन’ चूक. शब्द मुळात विशेषण आहे. ‘प्रजासत्ताक राज्य’ यातले ‘राज्य’ गळून तो नाम झाला आणि लिंग ‘राज्य’चेच, नपुंसक, राहिले : ते प्रजासत्ताक, प्रजासत्ताकाचा, प्रजासत्ताकात. विशेषण असल्यामुळेच ‘देश प्रजासत्ताक झाला’ हे वाक्य इतके सहज बसते. ‘गणराज्य’ नाम आहे, ते देशाच्या नावात आणि कायद्याच्या भाषेत शोभते. ‘गणतंत्र’ हिंदीत रुळलेला शब्द; मराठीत दोन चांगले शब्द असताना तिसरा आणायचे कारण नाही. ‘बनणे’ही तसेच. मराठीत देश प्रजासत्ताक ‘होतो’.

‘प्रजा’ म्हटले की समोर राजा आलाच, मग राजा नसलेल्या राज्याला हा शब्द कसा, असा आक्षेप काही जण घेतात. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण ‘गण’ तरी कुठे निर्दोष आहे? प्राचीन काळी वैशालीच्या (आजच्या बिहारमधल्या) लिच्छवींच्या गणात सत्ता कुलप्रमुखांची होती, सगळ्या रहिवाशांची नव्हे. दोन्ही शब्दांनी जुना अर्थ मागे टाकला आहे. माझे मत प्रजासत्ताकाच्या बाजूने, कारण २६ जानेवारीने तो घराघरात पोहोचवला आहे.

लोकशाही मात्र यांचा समानार्थी नाही, आणि स्पर्धेत सर्वांत जास्त गफलत इथेच होईल. आपल्या उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे दोन शब्द मुद्दाम आहेत. राज्य कोणाच्या मताने चालते, हे पहिला सांगतो. राष्ट्रप्रमुखपद वारशाने मिळते की नाही, हे दुसरा. मलेशिया एकेकाळची वसाहत, तिथे निवडणुका होतात, पण राजा आहे : प्रजासत्ताक नाही. उलट मॉरिशस प्रजासत्ताक आहे, तरी त्याची शेवटची अपिले आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या अपील न्यायमंडळाकडे, जातात. बार्बाडोसने ती वाट २००५मध्येच, राणी प्रमुख असतानाच सोडली होती. तेव्हा ‘प्रजासत्ताक झाला की लंडनशी नाते तुटले’ असे कोणी म्हणाले तर ही दोन नावे पुढे करावीत. राष्ट्रकुलही सोडावे लागत नाही. एप्रिल १९४९च्या लंडन जाहीरनाम्याने ती सोय आधी भारतासाठीच झाली.

फ्लेक्सवरचे ‘माजी’ही काढावे. माजी आमदार, माजी विद्यार्थी ठीक. माणसाच्या पदाला किंवा नात्याला तो शब्द लागतो. देशाला ‘पूर्वीची’ किंवा ‘एकेकाळची’ म्हणावे. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यात नुसते ‘वसाहत’ म्हटले की औद्योगिक वसाहत किंवा कर्मचाऱ्यांची वसाहत डोळ्यापुढे येते, म्हणून ‘ब्रिटिश’ शब्द घालाच. मजकूर असा होईल : ‘पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींनी प्रजासत्ताक व्हावे काय?’

टिपणात ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येणारच. प्रजासत्ताक व्हावे का, या प्रश्नावर ६ नोव्हेंबर १९९९ला तिथे झाले ते ‘सार्वमत’. ‘जनमत चाचणी’ म्हणजे कल पाहणे, तिने राज्यघटना बदलत नाही. सुमारे ५५ टक्के मते विरोधात गेली. संसदेने दोन तृतीयांश बहुमताने निवडलेला राष्ट्राध्यक्ष, असा तो प्रस्ताव होता. प्रजासत्ताक हवे, पण राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडावा, असे म्हणणाऱ्या काहींनीही विरोधात मत दिले. म्हणून ‘ऑस्ट्रेलियाने प्रजासत्ताक नाकारले’ असे न लिहिता ‘१९९९चा प्रस्ताव नाकारला’ असे लिहावे.